दिवसाची मच्छरदाणी

भर दुपारी मच्छरदाणीत बसून मेथी निवडणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. काळेवाडीत आमच्या दहा खोल्यांच्या चाळीत त्या सहा नंबरला राहायच्या. तोंडावर सगळे त्यांना मावशी म्हणत आणि पाठीमागे मच्छरदाणी मावशी. कॉटच्या चार पायांना चार काठ्या, त्यांवर निळी जाळी, आणि ती जाळी सकाळ-संध्याकाळ तशीच. दारावरून जाणारा आत डोकावून हसल्याशिवाय पुढे जात नसे. मीही हसायचो. साताऱ्याकडून आलेला मी चाकणच्या एका कंपनीत होतो आणि कायमची तिसरी पाळी माझ्या नशिबी आली होती. सकाळी आठला खोलीवर यायचं, पंखा पाचावर करायचा आणि आडवं व्हायचं. मच्छरदाणी हे रात्री झोपणाऱ्या लोकांचं काम, अशी माझी पक्की समजूत होती.

एका दुपारी जाग आली तर मावशी माझ्या खोलीत काठ्या घेऊन उभ्या.

"तिसरी पाळी ना तुझी? मग पहिला तुलाच चावणार. डेंगूचा डास दिवसाचा हाय बाबा. तो सकाळी कामावर येतो अन् तू उघडा पडलेला."

"मावशी, जाळीत घाम येतो."

"घाम पुसता येतो."

त्या गेल्या आणि मी काठ्या कोपऱ्यात ठेवून दिल्या.

त्यांच्या या हट्टामागचं कारण त्यांनीच मला सांगितलं, तेही भांडल्यासारखं. लातूरकडून नवरा-बायको आणि सासू भोसरीला आले. नवरा कारखान्यात प्रेस शॉपला, पत्रे दाबायच्या मशीनवर, त्यालाही तिसरी पाळी. सासूची शिस्त अशी, की दिवस उगवल्यावर घरात अंथरूण पसरलेलं दिसता कामा नये आणि मच्छरदाणी तर मुळीच नाही. आजारी माणसाचं घर वाटतं म्हणे. नवरा बिचारा चटईवर झोपायचा. त्याला ताप आला. पाचव्या दिवशी ताप उतरला, त्याने भाकरी मागितली, घरात सगळे खूश झाले. आणि त्याच संध्याकाळी तो कोसळला. ताप उतरल्यावरच या दुखण्यात खरा धोका असतो, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा उशीर झाला होता.

"जाळी घरातच व्हती," मावशी म्हणाल्या. "रोज सकाळी मीच घडी घालून पेटीवर ठेवायचे."

त्यानंतर त्यांनी कधीच घडी घातली नाही. त्यांना कुणाची दया नको होती. कुणी हळहळ करू लागलं की त्या मध्येच विचारायच्या, "ते राहू द्या. तुमचा ड्रम दाखवा."

आमच्याकडे पाणी एक दिवसाआड. प्रत्येक दारात कंपनीतून आलेला एक निळा ड्रम. गंमत बघा, आमच्या बायका स्वयंपाकघरातला हंडा रोज घासायच्या, कालचं पाणी शिळं म्हणून ओतून द्यायच्या. ड्रमवर मात्र नुसती भर पडायची. तळाचं पाणी महिनोन् महिने तेच. रविवारी सकाळी दहाला मावशी टॉर्च घेऊन दारोदार फिरायच्या. उजेड पडला की पाण्यात अळ्या वळवळत खाली जायच्या. "आठ दिवसांत उडत्यात ह्या," असं म्हणून त्या मालकिणीच्या समोर ड्रम आडवा करायच्या. संध्याकाळी पोरं विजेची बॅट घेऊन डास मारत बसली की म्हणायच्या, "खेळा टेनिस. मारायला समदे पुढं. जन्मतात कुठं ते कामून बघत नाही कुणी?"

चाकणला एका कँटीनमध्ये त्या पोळ्या लाटायच्या. एकदा उंदरांनी पोती फोडली. सुपरवायझर म्हणाला, वरवरचे तांदूळ काढून टाका आणि शिजवा. मावशी त्या पोत्यावर जाऊन बसल्या. "उंदीर लेंड्या टाकतो त्या दिसत्यात, मुततो ते दिसत नाही. आदी तुम्ही खाऊन दाखवा." दुपारच्या जेवणाला भात नव्हता, पण पोतंही शिजलं नाही.

त्यांची खरी लढाई होती ती गच्चीवरच्या टाकीशी. वादळात टाकीचं झाकण उडालं ते उडालंच. आमचे घरमालक तात्या, मूळचे तिथलेच शेतकरी. ते म्हणायचे, "पानी येतंय ना? मग झाकनाचं काय घिऊन बसलाय?" पावसाळा आला आणि तापाने मी पडलो. डेंग्यूच होता. माझे खोलीतले दोघे सोबती पाळ्यांत अडकलेले. दवाखान्यात मावशी बसल्या. ताप उतरला तेव्हा मी घरी जायला निघालो, तर त्यांनी माझ्या चपला स्वतःच्या पिशवीत टाकल्या. "आता हलायचं नाही. माझा माणूस ताप उतरल्यावरच गेला." दुसऱ्या दिवशी प्लेटलेट एवढ्या घसरल्या की डॉक्टरांनीच मला हलू दिलं नाही. आज मी हे लिहितोय ते त्या चपलांमुळे.

मी घरी आलो त्याच दिवशी मावशी गच्चीवर चढल्या आणि त्यांनी टाकीचा खालचा व्हॉल्व्ह उघडून अळ्यांचं सगळं पाणी सोडून दिलं. तो नेमका पाणी न येण्याचा दिवस होता. दहाही खोल्यांचे नळ कोरडे पडले. सगळी चाळ त्यांच्या अंगावर गेली. जिच्यामुळे मी जिवंत होतो त्या बाईला लोक वेडी म्हणत होते आणि मी दाराशी उभा राहून गप्प बसलो. ती लाज अजून गेलेली नाही.

तात्या म्हणाले, "बाई, आमाला तुमी न्हाई पायजे. खोली खाली करा."

"करते," मावशी म्हणाल्या. "टाकीला झाकण बसल्यावर. त्याच्याआदी माझं सामान हलायचं नाही."

तात्यांनी पंधरा दिवस वाट पाहिली. मावशी रोज अंगण झाडायच्या आणि वर टाकीकडे बघायच्या. अखेर केवळ या बाईला घालवण्यासाठी तात्यांनी झाकण आणलं. शब्दाला जागून मावशींनी टेम्पो बोलावला. मारुंजीला आयटीतल्या पोरांच्या मेसमध्ये त्यांनी स्वयंपाकाचं काम धरलं होतं. सामान भरून झालं, आणि त्या पुन्हा गच्चीवर गेल्या.

"झाकणाला कडी नाही," वरूनच म्हणाल्या. "वाऱ्यानं पुन्हा उडंल. कडी लावा, मग टेम्पो हलंल."

टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. तात्या शिव्या देत शिडी चढले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने झाकण तारेने आवळलं. "घ्या. आता वाघाला बी उचकटनार न्हाई."

"वाघानं ताप येत नाही, मालक. डास जाईल का ते सांगा."

मग झाकणाच्या कडेने सगळीकडे बोट फिरवून त्या खाली आल्या. मी माफी मागायला पुढे झालो. पहिलं वाक्यही त्यांनी पुरं होऊ दिलं नाही.

"माफी घेऊन मी काय करू?" त्यांनी टेम्पोतून ती निळी जाळी ओढून काढली, जशी चुरगळलेली होती तशीच माझ्या हातात दिली. "मी नवी घेईन. ही बांध. अन् घडी घालू नकोस."

आता मी संत तुकाराम नगरला राहतो. महिन्यातला एक आठवडा अजून तिसरी पाळी असते. त्या झाकणाला कडी नंतर बसली, चाळीत रविवारी आजही ड्रम आडवे होतात, आणि टॉर्च घेऊन फिरते ती तात्यांची सून. परवा गावाहून माझी आई आली. भर दुपारी पलंगावर मच्छरदाणी बघून तिचा जीव कासावीस झाला. दिवसाढवळ्या हे बरं दिसत नाही, पाहुणे काय म्हणतील, असं म्हणत तिने काठीवरची गाठ सोडायला घेतली.

आयुष्यात मी आईवर कधी आवाज चढवलेला नाही. त्या दिवशी चढवला.