गच्चीवाल्या काकींचं सोवळं खत

"आज परत मासळी बाजार भरलाय वर!" लिफ्टमध्ये सेक्रेटरी काका नाक दाबून शेजाऱ्यांना म्हणाले. मी कोपऱ्यात उभी राहून मजल्यांचे आकडे बघत होते. काकांच्या पिशवीतून त्याच गच्चीवरची वांगी डोकावत होती.

ती वांगी काकींची. मुलुंडच्या आमच्या इमारतीत त्यांना सगळे गच्चीवाल्या काकी म्हणत. रंगाच्या जुन्या बादल्यांत त्यांनी वांगी, मिरच्या, भेंडी, अळू असं सगळं लावलं होतं. मासे धुतलेलं पाणी फेकून देणं त्यांना पाप वाटायचं. त्यात गूळ घालून त्या ते झाकणाच्या डब्यात मुरवायच्या आणि भरपूर पाणी मिसळून झाडांना घालायच्या. झाकण उघडलं की अर्धा दिवस वास दरवळायचा, हे खरंच.

मी वर अभ्यासाला जायचे. काकींनी मला कधी "गप्प का गं?" असं विचारलं नाही. त्या फक्त खुरपं पुढे करायच्या. "बोलूचा नसात तर बोलू नको. माती तरी हलव."

आमचं फार बोलणं झालं ते एकदाच, खतावरून. अळू आणि भेंडीच्या बादल्या त्यांनी टाकीपलीकडे वेगळ्या ठेवल्या होत्या. तिथे माशाचं पाणी जात नसे. एके सकाळी त्या तिथे चिमूटभर पांढरे दाणे पाण्यात विरघळवताना दिसल्या. रासायनिक खत! मी मोबाइलवर इतकं वाचलं होतं की न राहवून म्हणाले, "काकी, हे केमिकल आहे. सगळं ऑर्गॅनिकच हवं."

"चवथीच्या नैवेद्याची भाजी ती. तिका माशाचा पाणी घालू?" काकींनी कपाळाला हात लावला. "ह्या पांढरा खत सोवळा. ना कोणाचा मांस, ना कोणाचा उष्टा."

"मग शेणखत घाला ना."

"मुलुंडात गाय दाखव आधी, मग शेणाचा सांग!"

मी हसले. मग त्याही हसल्या. वांग्यांना मात्र त्या ते दाणे लावत नसत. "ह्यो म्हणजे चहा. तरतरी येता, पोट भरता काय?" त्यांची भेंडी भराभर वाढायची. वांगी सावकाश यायची, पण येतच राहायची.

काकी आता कणकवलीला लेकीकडे असतात. तिथे गोठा आहे, त्यामुळे गणपतीची भाजी शेणावर पोसते, असं फोनवर मोठ्या ऐटीत सांगतात. पण मला त्या आठवतात त्या एका रविवारच्या.

त्या दिवशी सोसायटीची मीटिंग गच्चीवरच भरली. सेक्रेटरी काका म्हणाले, "काकी, तुमच्याकडे ते पांढरं खत आहे ना? सगळीकडे तेच टाका. वासाचा विषयच संपला. नाहीतर गच्ची रिकामी करा."

"वांग्यांचो जीव त्याच्यावर राहूचो नाय," काकी म्हणाल्या.

"झाडांचे पण नखरे असतात का?" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. एरवी एकाला दोन ऐकवणाऱ्या काकी सरळ उठल्या. पदर खोचून त्या पहिल्या बादलीशी गेल्या आणि फुलावर आलेलं वांग्याचं रोप त्यांनी बुंध्याशी धरलं. माती फुटली. एक मूळ वर आलं.

माझी शाळा इंग्रजी. चारचौघांत मराठी बोलायचं म्हणजे मला घाम फुटतो. शेजारी बसलेल्या आईने माझ्याकडे चमकून पाहिलं, तेव्हा मला कळलं की मी उभी राहिले आहे.

"काका, गच्चीखालचं घर आमचं आहे. वास आला तर पहिला आमच्याकडे येतो. आम्हाला चालतो. काकी, रोप सोडा."