एकही जंतू नाही

पारशिवनीजवळच्या एका गावात सुजाताबाई मेश्राम रोज सकाळी गावाच्या पाण्याच्या टाकीत ब्लिचिंग पावडर टाकत. "माह्या पाण्यात एक जंतू जित्ता राहत नाही," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ठणकावून सांगत. आणि खरंच, सात वर्षांत गावात हगवण फिरकली नव्हती.

यंदा दोन म्हशींसाठी त्यांनी मुरघास केला. हिरवा चारा बारीक कापून मोठ्या पिशवीत दाबून भरला. तो नीट आंबावा म्हणून नागपूरहून खास भुकटी आणली, पाण्यात कालवून थराथरावर शिंपडली. हात धुतले, भांडं उकळलं, कशात कसर म्हणून ठेवली नाही.

दीड महिन्यानं पिशवी उघडली, तर सडका भपकारा! म्हशींनी तोंडं फिरवली.

गुरांच्या डॉक्टरांनी विचारलं, "भुकटी कोणत्या पाण्यात कालवली?"

"टाकीच्या. विहिरीचं घाण पाणी काहून घेऊ?"

डॉक्टर हळूच म्हणाले, "बाई, त्या भुकटीत जिवंत जंतू असतात. तेच चारा आंबवतात."

सुजाताबाईंनी वळून टाकीकडे पाहिलं.

दुसऱ्या सकाळी त्या टाकीवर चढल्या. खाली उपाशी म्हशी हंबरत होत्या. गाव नळावर घागरी लावून उभं होतं. त्यांनी पावडरचं माप भरलं आणि टाकीत ओतलं.