तुळजाई सायकल टॅक्सीचा गंज

गेल्या महिन्यात भोकरदनला चारचौघांत माझा पाणउतारा झाला. तोही माझ्याच हातच्या बोर्डासमोर, पेढे वाटायच्या आधी...

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जमिनीचे नकाशे काढण्याच्या सरकारी नोकरीतून मी रिटायर झाले आणि तेव्हापासून मस्तगडच्या घराच्या गच्चीवर जुने दिसणारे बोर्ड करून विकते. अक्षर माझं कॉन्व्हेंटमधलं... सिस्टरांनी बोटांवर पट्टी मारून वळवलेलं. ते आजही ओळ सोडत नाही.

नव्या लोखंडी पत्र्यावर ऑइलपेंटने सुरेख अक्षरं काढायची आणि मग ती आपल्याच हाताने बिघडवायची, असा हा उद्योग. पॉलिशपेपरने कडा घासायच्या, मीठ आणि व्हिनेगर शिंपडून पत्रा दोन दिवस उन्हात ठेवायचा... खरा गंज चढतो. वरून वार्निश मारलं की तो जागचा हलत नाही.

शेजारी याला भंगार म्हणतात. शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात प्लास्टिकची फुलं आहेत, त्यामुळे मी मनावर घेत नाही.

तर भोकरदनच्या दिगंबरचा फोन आला. त्याच्या वडिलांचं तासावर सायकली भाड्याने द्यायचं दुकान होतं. आमच्याकडे त्याला सायकल टॅक्सी म्हणायचे. वडील गेले, दुकान बंद पडलं, बोर्ड कुठे गेला कुणालाच पत्ता नाही. आता त्याच जागेत तो इलेक्ट्रिक स्कूटर दुरुस्तीचं दुकान काढत होता आणि भिंतीवर त्याला वडिलांचा बोर्ड हवा होता. आईला सरप्राइज म्हणून.

त्याच्याकडे एकच फोटो होता. कुणाच्या तरी वरातीचा, मागे कडेला कापला गेलेला बोर्ड... त्यावरून मी निळ्या रंगावर पिवळ्या अक्षरांत 'तुळजाई सायकल टॅक्सी' उभी केली. गंज तर असा जमला होता की काय सांगू! डाव्या कोपऱ्यातून खाली आलेले ओघळ, मधल्या एका अक्षराचा अर्धा रंग उडालेला... मी स्वतःवरच खूश होते.

उद्घाटनाच्या दिवशी दिगंबरने बोर्डावरचं कापड ओढलं. लोकांनी 'अरे वा' म्हणत मोबाईल काढले. त्याची आई मात्र, ऐंशीच्या पुढची बाई, जवळ जाऊन नुसती बघत राहिली.

"ह्याला गंज कुणी लावला?"

"मॅडमनं, माय. मुद्दाम. जुना दिसावा म्हणून."

"मुद्दाम?"

मी पुढे झाले. म्हटलं, "मावशी, सध्या अशीच फॅशन आहे."

"फॅशन तुमच्या घरी ठेवा, बाई. चाळीस वर्षं पुसला हा बोर्ड मी, घासलेटच्या फडक्यानं. दर दसऱ्याला दिगूचा बाप रंग द्यायचा अन् मी शिडी धरायची. आमच्या बोर्डाला गंज बिलकुल न्हाई चढला कधी. मंग मी काय मेल्ते का?"

माझ्या ओठांवर चार शब्द आले होते, आणि माझे चार शब्द कसे असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मोठमोठ्या शहरांतले कॅफेवाले माझ्या गंजासाठी महिना महिना थांबतात. आणि या बाई मलाच...

तेवढ्यात त्यांनी टेबलावरचं फडकं उचललं, पार्ट धुवायला ठेवलेल्या पेट्रोलमध्ये बुडवलं आणि बोर्ड पुसायला लागल्या. "माय, राहू दे ना," दिगंबर म्हणत होता. वार्निशखालचा गंज तो, हलणार कसा! त्या घासत राहिल्या. लोकांनी मोबाईल खाली घेतले. कुणी हसलं नाही.

मी त्यांचा हात बघत होते. बाईंना वाचता येत नाही, हे दिगंबरने मला आधीच सांगितलं होतं. पण फडकं प्रत्येक अक्षराच्या वळणावरून बरोबर फिरत होतं, कुठेही न अडता... शेवटच्या अक्षरापुढे मात्र हात थांबला.

"इथलं चाक कुठंय?"

फोटो तिथेच संपत होता. माझे चार शब्द मी गिळले आणि विचारलं, "कसं होतं चाक, मावशी?"

"लाल. तारा पांढऱ्या. माझं जेवायचं ताट घेऊन गेल्ता, ते ठेवून गोल काढला त्यानं. ताटाला रंग लागला तो न्हाई गेला परत."

बोर्ड उतरवला आणि एसटीने मांडीवर घेऊन घरी आणला. आपणच चढवलेला गंज आपणच घासून काढायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली... दोन दिवस खांदे दुखत होते. मग पुन्हा निळा, पुन्हा पिवळा. चाकासाठी कंपास हातात घेतला होता, तो ठेवून दिला आणि स्वयंपाकघरातून ताट आणलं.

काल बोर्ड परत भिंतीवर लागला. मावशींनी आधीच लख्ख असलेला तो बोर्ड फडक्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसला. चाकावरून दोनदा.

"आता बराबर," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "लाल जरा पातळ झालाय. पण चालंल."

दुसरं कुणी असतं तर सोडलं नसतं मी. मावशींनी दिलेला पेढा मुकाट खाल्ला.

कॅफेवाल्यांना गंज मिळत राहील, त्यांनी घाबरू नये. पण कुणी घरच्या माणसाचा बोर्ड मागितला, की मी आता आधी एकच विचारते... हा पुसणारं कुणी होतं का? हो म्हणाले, तर व्हिनेगरची बाटली उघडत नाही.