सांगलीच्या अलीकडे घसरलेली गाडी

आमच्या बागेत एक छोटी आगगाडी आहे. गाव सातारा आणि सांगलीच्या मधलं, म्हणून तिच्या दोन स्थानकांना कुणीतरी तीच नावं दिली. कारंज्याजवळचं सातारा, झोपाळ्यांमागचं सांगली, आणि मध्ये सिमेंटचा बोगदा. चालत गेलं तर दीडशे पावलं. गाडीनं थोडा जास्तच वेळ लागायचा. तरी रविवारी रांग असायची. माहेरी आलेल्या मुली, लग्न ठरलेली जोडपी, वडूजकडून बाजाराला आलेली, पटका सावरत निळ्या डब्यात मांडी घालून बसणारी म्हातारी माणसं.

बारा वर्षं बंद असलेली ही गाडी यंदा दुरुस्त झाली. बागेत तिच्या इतिहासाचा फलक लावायचं ठरलं. लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण बागेचा पर्यवेक्षक तेव्हाही मीच होतो. इंजिन वाफेचं दिसत असलं तरी आत डिझेलचं कसं, उद्घाटनाला सगळे पुढारी एकाच डब्यात बसले आणि गाडी हललीच कशी नाही, हे भराभर लिहून झालं. पुढे लिहायचं होतं, गाडी बंद का पडली. तिथं पेन थांबलं.

बंद पडली ती माझ्यामुळे.

खंडेनवमीला आम्ही इंजिनाची पूजा करायचो. गाडी चालवणारे मामा वडूजच्या बाजूचे, माझ्यापेक्षा वयानं मोठे. दरवर्षी तेच बाजूच्या दगडावर नारळ फोडायचे. त्या वर्षी फोटो काढणारे आले होते, म्हणून नारळ मी घेतला आणि सरळ रुळावर फोडायला वाकलो.

"साहेब, रुळावर नगा," मामा म्हणाले. "धोंड्यावर फोडा."

"मामा, फोटोत धोंडा दिसतो का? रूळ दिसला पाहिजे," म्हणत मी फोडला. करवंटीचा एक तुकडा रुळांच्या सांध्यात गेला. पहिल्याच फेरीला त्याच सांध्यावर, सांगलीच्या अलीकडे, इंजिन घसरलं आणि जास्वंदीच्या कुंपणात जाऊन कलंडलं. डब्यात सकाळी फिरायला येणारे आजोबा होते. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. एक जण हातातला पेढा तोंडात टाकून म्हणाले, "सांगली आली का?"

इंजिन उचलताना करवंटीचा तुकडा मला सापडला. मी तो खिशात घातला आणि अहवालात लिहिलं, 'चालकाने गाडी मर्यादेपेक्षा जास्त वेगाने चालवली.'

गाडी बंद झाली. मामांची बदली पाणीपुरवठ्यात झाली, गल्लोगल्ली पाणी सोडायला. लोक त्यांना हाका मारत, "मामा, पानी दमानं सोडा, न्हाईतर घसरंल!" मी ऐकायचो आणि रस्ता बदलायचो.

फलकाचा कागद घेऊन शेवटी मी त्यांच्या गावी गेलो. निवृत्त होऊन ते तिथंच राहतात. अंगणात मामी शेंगा फोडत बसल्या होत्या. मी चहाच्या आधीच सगळं सांगून टाकलं, कारण चहा घेतल्यावर जीभ उचलली नसती.

मामा ओरडतील असं वाटलं. त्यांनी विचारलं, "म्हंजी मी जोरात न्हवतो?"

"नव्हता मामा. त्या इंजिनाला जोर होताच कुठं?"

"मला वाटायचं, सणाच्या नादात वाढवला आसंल जरा. कागदावर लिवलंय म्हंजी आसंल." त्यांनी आपले तळहात उलटेपालटे करून पाहिले. "तवापास्नं भ्याच वाटतं हातात काय घ्यायला."

मामी उठल्या, पदरातली टरफलं झटकली. "आवं साहेब, तवापास्नं ह्यो माणूस मोपेड चालीवतो म्हंजी ढकलल्यागत! म्हसरं पुढं जात्यात आमच्या. वडूजला लग्नाला गेलो तर अक्षता संपलेल्या! बारा वर्सं मी मागं बसून ऊन खाल्लं ते तुमच्यापायी व्हय?"

मला हसू येत होतं आणि मान वर होत नव्हती. मामाच आधी हसले. मग म्हणाले, "माझ्याजवळ बोलून भागायचं न्हाई साहेब. गावानं ऐकलं पायजे."

मी फलकावर ते लिहिलं. वरचे साहेब म्हणाले, "आनंदाच्या दिवशी हे कशाला उकरता? एवढी ओळ काढा." मी नाही म्हणालो. नोकरीत असं फारसं म्हटलेलं नाही, त्यामुळे आवाज जरा चिरकला. ते म्हणाले, "बरं, पण वाचायचं तुम्ही."

परवा गाडी सुरू झाली. बाग भरली होती. मामा इस्त्रीचा सदरा घालून मागच्या रांगेत, शेजारी मामी. मी माईकसमोर उभा राहिलो. पुढाऱ्यांचा प्रसंग वाचला तेव्हा लोक खळखळून हसले. मग मी पुढची ओळ वाचली, 'गाडी घसरली ती पर्यवेक्षकाने रुळावर नारळ फोडल्यामुळे. चालकाचा त्यात काहीही दोष नव्हता. वेगाची गोष्ट पर्यवेक्षकाने खोटी लिहिली.' ती मी खाली बघत, घाईघाईनं वाचली.

मागून मामी उभ्या राहिल्या.

"साहेब, आमच्याकडं नीट ऐकू आलं न्हाई. पुन्यांदा वाचा."

मी माईक जवळ ओढला आणि पुन्हा वाचलं, या वेळी मामांकडे बघत.