नॉरिसची दगडी भिंत

एनिड बॅराक्लफने नवऱ्यावर सूड उगवला तेव्हा ती बहात्तर वर्षांची होती आणि मी तिची शेजारीण होते. मध्ये एकच भिंत, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. जे ऐकू यायचं नाही ते ती स्वतः येऊन सांगायची. मी तिच्या बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते. नॉरिसची बाजू ऐकायची असेल तर बोलिंग क्लबात जा. तिथे त्याची बाजू घेणारे पुष्कळ आहेत.

हॅलिफॅक्सच्या वरच्या चढावर आमची घरांची रांग. एनिडचं लग्न छप्पन साली झालं आणि ती दोघं इथे राहायला आली. तिचे वडील विल्फ टाइल्स बसवायचे. हॉस्पिटलं, मासळीची दुकानं, पोहण्याचे तलाव, गावातल्या निम्म्या ओल्या भिंती त्यांच्या हातच्या. लेकीला लग्नात काय द्यायचं, तर त्यांनी तिच्या बैठकीच्या खोलीत फायरप्लेस बांधून दिली. शेवाळी हिरव्या टाइल्स, दोन्ही बाजूंना पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेल्या, वर जाड फळी. दिवसाचं काम संपवून संध्याकाळी यायचे आणि रोज दोनच ओळी लावायचे. दर रविवारी चहाला आले की त्याच फायरप्लेससमोर बसायचे. बोलायचे कमी. मधूनच अंगठा एखाद्या सांध्यावरून फिरवून बघायचे.

नॉरिसने त्या कामाला कधी बरं म्हटलं नाही. सासरा टाइल्स लावणारा आणि आपण विमा कंपनीच्या ऑफिसात टाय लावून बसणारे, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. 'सार्वजनिक मुतारीत बसल्यासारखं वाटतं,' असं तो चारचौघांत म्हणायचा, विल्फ समोर बसलेले असतानाही.

चौऱ्याहत्तर साली एनिडचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. तीन आठवडे ती घरी नव्हती. तिच्या पोटातले खडे निघाले आणि घरात दगड आले. ती परतली तर बैठकीची अख्खी भिंत दगडी. करडे, तपकिरी, जांभळट दगड, एक आत एक बाहेर. मध्ये गॅसची शेगडी, एका बाजूला टीव्हीसाठी कमान आणि जागोजागी कप ठेवायला कोनाडे. नॉरिसने हे स्वतःच्या हातांनी केलं होतं आणि शेजारपाजाऱ्यांना चहाला बोलावून ठेवलं होतं.

'घर जरा आजच्या जमान्यात आणलं,' तो म्हणाला. 'कसं वाटतं?'

पोटाला टाके, हातात पिशवी, आणि खोलीभर माणसं तोंडाकडे बघतायत. आमच्याकडे अशा वेळी बाईमाणूस एकच शब्द बोलतं.

'छान,' एनिड म्हणाली.

'आणि बाबांच्या टाइल्स?' हे तिने सगळे गेल्यावर विचारलं.

'फेकून दिल्या. जुनाट झाल्या होत्या.'

त्या रविवारी विल्फ आले. भिंत पाहिली, चहा घेतला, टोपी घातली. पुढच्या रविवारी निरोप आला की गुडघे दुखतात, हा चढ आता झेपत नाही. नंतर सहा वर्षं जगले, पण त्या घरात पाऊल टाकलं नाही. बाजारात जायला हाच चढ ते दर शुक्रवारी चढायचे. एनिडला ते खिडकीतून दिसायचे.

पुढे बत्तीस वर्षं तिने ती भिंत पुसली. दगडादगडावर धूळ बसायची आणि कोपऱ्यांत फडकं जायचं नाही, म्हणून दात घासायचा ब्रश वापरायची. कोणी पाहुणा भिंतीकडे बघून गप्प राहिला की नॉरिस म्हणायचा, 'एनिडला विचारा. हिनेच छान म्हटलं होतं.' मला हे ऐकूनच चीड यायची. तिचं काय होत असेल?

मग नॉरिसचा खुबा गेला. ऑपरेशनची तारीख आली. त्याला सोडून एनिड हॉस्पिटलमधून परतली ती सरळ माझ्या दारात.

'अगं, तुझ्या ओळखीचा तो गवंडी कीथ उद्या मोकळा आहे का?'

'कशाला?'

'घर आजच्या जमान्यात आणायचंय.'

तिने एक कॅटलॉग काढला. पांढरी, सपाट, विजेवर चालणारी फायरप्लेस, आत गुळगुळीत गोटे. 'दिसायला फ्रिजसारखी आहे,' मी म्हटलं. 'असू दे,' ती म्हणाली, 'नॉरिसला फेफरं आलं पाहिजे.' आम्ही दोघी इतक्या हसलो की डोळ्यांतून पाणी आलं.

गॅसवाल्याने नळी बंद करून दिली आणि कीथ कामाला लागला. पहिला दगड पडला तेव्हा एनिडने खुर्ची ओढून घेतली आणि सिनेमा बघावा तशी बसली. दुपारपर्यंत कमान गेली, कोनाडे गेले. मग कीथ थांबला.

'एनिड, इकडे ये. मागे काहीतरी हिरवं आहे.'

टाइल्स होत्या. सगळ्या. पायऱ्या, फळी, काही फेकलेलं नव्हतं. एनिड उठली, हात पुढे केला आणि तसाच थांबवला. प्रत्येक टाइलवर खाचा होत्या. एकीवर चार, एकीवर सहा, तिरप्या, आतली पांढरी माती दिसेल इतक्या खोल.

'हे कशाने झालं?' तिने विचारलं.

कीथ अवघडला. 'चकचकीत टाइलवर सिमेंट धरत नाही. दगड चिकटायचे तर आधी छिन्नीने खाचा पाडाव्या लागतात. असंच करतात.'

'प्रत्येक टाइलला?'

'हो. एकेक करून.'

एनिडने मोजल्या नाहीत. पण प्रत्येकीवरून अंगठा फिरवला, वरपासून खालपर्यंत. त्याला बराच वेळ लागला. मला तर त्या क्षणी हॉस्पिटलात जाऊन नॉरिसचा दुसरा खुबा मोडावासा वाटला.

'काढून टाकू?' कीथ म्हणाला. 'नवी बसवायची ना?'

'हात लावायचा नाही. दगड तेवढे उचल, आणि झाडून घे.'

नॉरिस घरी यायच्या आदल्या दिवशी हॉस्पिटलची बाई आली. तिने त्याच्या खुर्चीच्या पायांखाली लाकडी ठोकळे बसवून ती उंच केली आणि बजावलं, की सहा आठवडे वाकायचं नाही, वळायचं नाही, खुर्ची हलवायची नाही. 'कुठे ठेवू?' तिने विचारलं. एनिडने जागा दाखवली. बरोब्बर समोर, चार हातांवर.

नॉरिसला आणून बसवलं. त्याने समोर पाहिलं.

'माझी भिंत कुठाय?'

'फेकून दिली. जुनाट झाली होती.'

त्याने एकेका खाचेवरून नजर फिरवली. मग म्हणाला, 'हे काम पुरं कधी होणार?'

'झालंय की पुरं.'

सहा आठवड्यांतले पाच असेच गेले. ती वेळेवर जेवायला द्यायची, गोळ्या द्यायची, मोजे घालून द्यायची. कुठे बोट ठेवायला जागा नाही. फक्त खुर्ची वळवायची नाही. दर बुधवारी बोलिंग क्लबची मंडळी भेटायला यायची आणि त्या फुटक्या टाइल्सकडे बघून विचारायची, 'हे काय, बुवा?' नॉरिस सांगायचा, 'कारागीर काम अर्धवट टाकून पळाला.' एनिड ऐकून घ्यायची आणि बिस्किटं पुढे करायची.

सहाव्या बुधवारी मीही तिथे होते. मंडळी यायला अवकाश होता. नॉरिस आपणहून म्हणाला, 'एनिड, मी त्या टाइल्स आधी काढायला बघितल्या होत्या.'

'मग?'

'निघेनात. दोन दिवस झटलो. छिन्नीचं टोक मोडलं, टाइल हलली नाही. म्हणून मग...' त्याने खाचांकडे बोट केलं. 'तुझ्या बापाने फार पक्क्या बसवल्या होत्या.'

पन्नास वर्षांत त्या माणसाच्या तोंडून विल्फबद्दल निघालेलं हे पहिलं बरं वाक्य. मला वाटलं, आता एनिड रडेल. बहुधा नॉरिसलाही तेच वाटलं. त्याने हात पुढे केला.

दारावरची घंटा वाजली. एनिड उठली. 'आता त्यांनी विचारलं ना, की हेच सांगायचं,' ती म्हणाली. 'नाहीतर आणखी सहा आठवडे खुर्ची इथेच राहील.'

बर्नार्डसकट चौघं आत आले, टोप्या काढल्या, बसले. त्यांतल्या एकाने नेहमीप्रमाणे विचारलं, 'काय रे, पळालेला कारागीर सापडला का?'

नॉरिसने एनिडकडे पाहिलं. ती चहा ओतत होती.

'कारागीर माझा सासरा,' तो पुटपुटला. 'काम उत्तम होतं. मी फोडलं.'

'जरा मोठ्याने,' एनिड म्हणाली. 'बर्नार्डला कमी ऐकू येतं.'