लिस्बनमध्ये टाकलेला अर्ज आणि त्याची पोच

अर्जदार : मी स्वतः, पेण येथे तहसील कचेरीसमोर टेबल लावून बसणारा अर्जनवीस.
जाब देणार : माझी एकुलती एक कन्या, मुक्काम लिस्बन, देश पोर्तुगाल.
दिनांक : गेल्या वैशाखातला एक शनिवार, सकाळच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत.
साक्षीदार : अर्जदाराची पत्नी, माहेर रोहे. तिचे गुडघे दुखत असल्याने त्या शहरातील पायऱ्यांबाबत तिची साक्ष ग्राह्य मानावी.

हकीकत अशी की, कन्या तेथे एका कंपनीत संगणकावर काम करते. तेथेच कायम राहण्याचे कागद करावेत की घरी परतावे, हे तिला ठरवायचे होते. फोनवर हा विषय निघाला की ती आणि मी, दोघेही हवापाण्याचे बोलू लागत असू. अखेर तिने आम्हा उभयतांना पंधरा दिवसांसाठी बोलावून घेतले आणि त्या शनिवारी, "आज सगळं शहर पायी दाखवते," असे जाहीर केले.

शहर टेकड्यांवर वसलेले आहे. रस्त्यांना डांबर नाही. लहान पांढरे दगड हाताने बसवलेले असून, आमच्या पेणजवळच्या जोहे गावी गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासून ठेवावी तसे ते लोकांच्या पावलांनी गुळगुळीत झालेले आहेत.

"अवो, इकडं सगला चढच हाय. उतार कुठं ठेवलाय यांनी?" पत्नीने विचारले.

घरांच्या दर्शनी भिंतींना निळ्या नक्षीच्या फरश्या होत्या. त्या पाहून, "या आपण न्हाणीत लावतो," असा शेराही तिने मारला. पुढे एका दुकानात खारवलेले मोठाले मासे फळ्यांसारखे रचलेले दिसले आणि त्या वासाने ती जागीच थांबली.

"गो पोरी, हा तर आपला सुक्या मासळीचा बाजार!"

"व्हय," कन्या हसली. "दर रविवारी इथून एक चक्कर मारते मी. घ्यायचं काही नसतं."

एवढे मोठे विधान माझ्या कानावर आले, आणि मी मात्र दुकानाच्या पाटीवरची अक्षरे जुळवत उभा होतो.

वरच्या किल्ल्यावरून नदी दिसते. तिची रुंदी आमच्या धरमतरच्या खाडीला मागे टाकते, हे मी मान्य करतो. तथापि याच लोकांनी आमच्या जिल्ह्यात कोर्लईला किल्ला बांधला होता, म्हणून मी मोठ्याने विचारले, "तेव्हा आमची लेखी परवानगी घेतली होती काय?"

"बाबा, इथे तरी अर्ज नका करू," कन्या म्हणाली.

उतरताना आम्ही एका लहान चर्चमध्ये टेकलो. तेथे लोक चिठ्ठीवर मागणे लिहून पेटीत टाकत होते. माझ्या खिशात कोरा कागद व कार्बन नेहमीच असतो. मी विषय, संदर्भ व विनंती अशा रीतसर क्रमाने अर्ज लिहिला की, कन्येस पेण, रोहे अथवा फार तर पनवेल येथे नोकरी मिळून ती घरी यावी. मूळ प्रत पेटीत टाकली व दुसरी प्रत तेथील वृद्ध सेवकापुढे धरून पोच मागितली. अर्ज द्यावा आणि पोच घेऊ नये, हे आमच्या धंद्यात बसत नाही.

कन्येचा चेहरा लाल झाला. तिने त्यांच्या भाषेत काहीबाही समजावले. तो गृहस्थ बराच वेळ हसला. मग त्याने खण उघडून चर्चचा शिक्का काढला आणि माझ्या प्रतीवर नीट, सरळ उमटवला. तहसीलमध्येही इतका सरळ शिक्का मला क्वचितच मिळाला आहे.

बाहेर पायरीवर कन्येने ती प्रत मागून घेतली आणि दोनदा वाचली.

"बाबा, अर्ज चुकीच्या कचेरीत दिलात. हे तुम्ही मला विचारायला हवं होतं."

"टेबलावर बसून लोकांना हेच सांगताव ना?" पत्नी म्हणाली. "अर्ज योग्य साहेबाकडं करा म्हून?"

मी कार्बन घडी करून खिशात ठेवला. कन्येने माझा दंड धरला आणि त्या निसरड्या उतारावरून आम्हाला खाली आणले. लहानपणी यात्रेत ती असाच माझा दंड धरीत असे. वाटेत तिने मला तीन वेळा थांबून नदी दाखवली. विचारण्यास तीन वेळा संधी होती. मी तिन्ही वेळा, "छान आहे," एवढेच म्हणालो. विमानतळावरही तेच म्हणालो.

आजही टेबलाशी गिऱ्हाईक नसले की मला तो उतारच आठवतो.

सबब, प्रस्तुत अर्ज आता योग्य ठिकाणी, म्हणजे कन्येकडे, सादर करीत आहे. पूर्वीच्या अर्जातील पेण, रोहे, पनवेल ही मागणी मी मागे घेत आहे. तुला स्वतःला काय हवे आहे, एवढेच तुझ्या हस्ताक्षरात कळवावे, ही नम्र विनंती. निकाल आमच्या विरुद्ध गेल्यास अपील केले जाणार नाही. मात्र उत्तर यावे.