पावणेसहाच्या बसचं अर्धं पान

त्या सकाळी साडेसातला मी सरोजिनी नगरच्या क्वार्टरखाली गाडी लावली. मॅडम आठवडाभर हॉस्पिटलात होत्या, साहेबांना म्हणजे त्यांच्या यजमानांना तिकडं न्यायचं होतं. धुरकं इतकं की समोरचा जिना नीट दिसेना. साहेब रिकाम्या हातानं खाली आले. रोज डबा असायचा. म्हणाले, "ज्ञानोबा, आज डबा नाही... पहाटे गेली." मी म्हटलं, "मग उद्या किती वाजता येऊ?" तोंडून काय गेलं ते माझं मलाच कळलं नाही.

वसुधा मॅडम मानेसरकडच्या एका बिझनेस स्कूलमध्ये शिकवायच्या. सरकारी सुधारणांवर त्या केस लिहीत. केस म्हणजे खरी घडलेली गोष्ट, पण अधिकाऱ्याच्या निर्णयापाशी आणून थांबवलेली. पुढं काय करायचं ते वर्गानं सांगायचं. वर्गाआधी ती मला गाडीत सांगायच्या, कागद न बघता. "कागदाशिवाय सांगता आली नाही तर समजा कच्ची आहे," म्हणायच्या. टोलनाक्यापर्यंत गोष्ट आणि टोलनाक्यानंतर माझी परीक्षा. "बोला, आता तुम्ही सचिव!" आठवीत शाळा सोडलेला, घरापासून इतक्या लांब कंत्राटावर गाडी चालवणारा मी. मला सचिव करणारी ती एकच बाई. वीजसुधारणेच्या केसला मी ठणकावून म्हटलं, तारेवर आकडे टाकणारे सगळे पकडा. "अच्छा, म्हणजे पहिला अंधार तुमच्या थोरल्या भावाच्या घरात!" म्हणाल्या आणि मानेसर येईपर्यंत हसत होत्या. हसता हसता खोकत होत्या. दिल्लीत कोण खोकत नाही, म्हणून मी लक्ष दिलं नाही...

मग एका बस महामंडळाची केस आली. लिहिताना त्यांनी नाव बदललं होतं, मला मात्र खरं सांगितलं. ते माझंच राज्य निघालं. बुडत चाललेलं महामंडळ, नवा अधिकारी, टेबलावर तोट्यातल्या फेऱ्यांची यादी, उद्या सही करायची. "बोला ज्ञानोबा, करणार सही?" टोलनाका मागं पडला. शेवटी विचारलं, "मॅडम, त्या यादीत आमची पावणेसहाची होती का हो?"

त्यांनी गाडी कडेला घ्यायला लावली. मग मी सांगितलं. हायस्कूल तालुक्याला होतं, परतीची एकच गाडी, पावणेसहाची. एका सोमवारी ती आलीच नाही आणि पुन्हा कधी आली नाही. गावातल्या दोघी मुलींची शाळा त्याच आठवड्यात सुटली. मी दिवाळीपर्यंत चालत परत येत राहिलो. मग बापानं शेळ्यांमागं लावलं.

"आणि हे इतक्या वर्षांत बोलला नाहीत?"

"कुणी विचारलंच नाही. आणि मला वाटायचं, मीच आळशी."

मॅडमनी केसमध्ये त्यावर अर्धं पान घातलं. पण ज्यांच्यावर केस लिहिली त्यांच्या सहीशिवाय ती वर्गात शिकवता येत नाही. तेव्हा यादीवर सही करणारे ते अधिकारी आता मोठमोठ्या समित्यांवर आहेत, आमच्या संस्थेच्याही. त्यांचा फोन गाडीतच आला, स्पीकरवर. आवाज फार गोड. "वसुधाजी, केस बढ़िया है। बस वो आधा पन्ना हटा दीजिए। और ये लड़का है कौन?"

मी आरशातसुद्धा बघितलं नाही. मॅडम म्हणाल्या, "मेरा स्टूडेंट है।"

त्यानंतर दोनदा ऑफिसात मला कुणीतरी गाव विचारलं. सहज विचारल्यासारखं. माझी मुलगी इथंच आठवीत आहे. मी घाबरलो. एका सकाळी म्हटलंच, "मॅडम, काढून टाका ना ते पान." त्यांनी वाद घातला नाही. "गोष्ट तुमची आहे. तसं लिहून द्या, लगेच काढते." फॉर्म तयार करून दिला. मी आज देतो, उद्या देतो करत राहिलो. त्यांचा आवाज बसत गेला, गोष्टी टोलनाक्याच्या आधीच संपायला लागल्या, आणि सही करायची की नाही हे ठरवायच्या आत त्या गेल्या.

तेराव्यानंतर सिन्हा सरांनी बोलावलं. मॅडमचं काम आता त्यांच्याकडं आहे. मॅडमच्या खोलीतच बसले होते, रॅक निम्मे रिकामे झालेले. पान काढायचा तोच फॉर्म पुढं सरकवून म्हणाले, "ज्ञानोबा जी, बस यहाँ साइन। उधर से भी साइन आ जाएगा। मैडम की आख़िरी केस है, पढ़ाई जानी चाहिए ना? और अगले महीने आपका कॉन्ट्रैक्ट भी रिन्यू होना है।" धमकी म्हणावी असं त्यात काही नव्हतं. चहासुद्धा मागवला होता.

पेन हातात घेतलं. ते पान इंग्रजीत, मला वाचता येत नाही. पण मॅडमनी एकदा मराठीत सांगितलं होतं त्यात काय आहे. हा मुलगा आळशी होता असं त्यात कुठंही नाही.

"नहीं सर, रहने दीजिए," मी म्हटलं.

सरांनी फॉर्म परत घेतला. मग केस माझ्या हातात दिली. "ठीक है। फिर ये पढ़ाई नहीं जाएगी। उस कार्टन में डाल दीजिए।"

कोपऱ्यात एक खोका होता. त्यावर मॅडमच्या अक्षरात, मराठीत लिहिलेलं... 'संमती मिळाली नाही'. आमची केस वीसेक पानांची. ती ठेवायला झाकण उघडलं तर आत काठोकाठ फायली, आणि प्रत्येकीत एका पानाला पिवळी चिठ्ठी, आमच्या अर्ध्या पानाला होती तशीच. वरच्या दोन खाली दाबून आमची कशीबशी बसवली. मग जाता जाता खोका भिंतीला सरकवून ठेवावा म्हणून जोर लावला.

तो मला एकट्याला हलेना.